बोक्याच्या तोंडाचा वास

हॅनोव्हर, नोव्हेंबर २०१४

तीर्थरूप बाबा, नमस्कार.

मी बरी आहे, थंडीही सोसतेय. फक्त जेवण जात नाही. शी! दिवसभर इथल्या प्राण्यांच्या दवाखान्यात हिरड्या सडलेल्या मांजरांची लाळ संशोधनासाठी गोळा करायची. लाळ कसली, पू नि रक्तच! दोनदा साबण लावला तरी तो घाण वास नाकातून हटत नाही.

त्या लाळेत आम्ही टीएनएफ नावाचं प्रथिन मोजतो. शरीरात कुठे दाह झाला की पेशी ते सोडून एकमेकींना सावध करतात. खराब दात काढल्यावर ते कमी होतं का, हे आम्हाला बघायचंय.

काल एक म्हातारा बोका आला. कडक खाणं सोडून तो नुसतं पातळ चाटत होता म्हणे. त्याचं तोंड उघडलं, तर तो वास ओळखीचा होता. दिवाळीत मी घरी आले तेव्हा तुम्ही सारखी लवंग चघळत होतात ना, तिच्याआडून हाच यायचा. आई सांगत होती, हल्ली तुम्ही भाकरीही सोडलीत.

बोक्याला धरायला तिघं लागली. तुम्हाला दातांच्या डॉक्टरकडे न्यायला आई एकटी पुरेल, की मी येऊ?

तुमची,
देवश्री