तीन किलो शंभरपासून सुरुवात

४ मार्च २०२१, सकाळी ६.४०
खाटेच्या कडेला बसून उजवा मोजा घालत होतो. डावा बायकोने घातला. आजपासून रोजनिशी. फिजिओ बाईंची आज्ञा: किती दुखलं ते लिहायचं नाही, काय केलं तेवढंच लिहायचं. एमआरआयमध्ये काही नाही. म्हणाल्या, कंबर मोडलेली नाही, घाबरलेली आहे. दुखलं म्हणून थांबायचं नाही, ठरलेलं झालं की थांबायचं. कमरेचा पट्टाही काढा म्हणाल्या. काढला. बसस्टॉपवर परत घातला.
काय केले: मोजा, एक.

११ मार्च
मुलगी झाली! तीन किलो शंभर ग्रॅम. फिजिओ बाई माझ्यापेक्षा खूश. म्हणाल्या, यापेक्षा चांगला व्यायाम मी कुठून आणू? रोज पाच वेळा पाळण्यातून उचलून घ्या. ती वाढेल तशी ताकद वाढेल, कधी जड झाली ते कळणारसुद्धा नाही.
अप्रतिम योजना. सोमवारपासून.

१५ मार्च, सोमवार
नेमके किती उचलतो हे माहीत नसताना उचलणे बेजबाबदारपणाचे आहे. वजनकाटा मागवला. बायको म्हणाली, मुलगी आहे ती, बटाटे नाहीत. तिला शास्त्र कळत नाही.

२ एप्रिल
काटा आला. बायको मुलीला घेऊन उभी राहिली, मग एकटी उभी राहिली. उरलेले काम मी केले. तीन किलो नऊशे.
काय केले: वजाबाकी, एक.

९ जून
उचलली! पाच किलो आठशे! सासूबाईंनी खालून हात लावला होता, पण नावापुरता. त्या म्हणाल्या, नावापुरता तुमचा होता, जावईबापू.
उद्या त्यांच्याशिवाय.

१० जून
उजवीकडे, खाली. (हे लिहायचे नव्हते.) आठवडाभर विश्रांती, मग नव्या दमाने.

१८ ऑक्टोबर
मी दुकानांच्या पाट्या रंगवतो. अक्षर वळणदार, ऱ्हस्वदीर्घ कधी चुकत नाही. फक्त वाकायला नको म्हणून छातीच्या वरच लिहितो. आज मालक ओरडले, अरे, तीन पाट्यांवर फोन नंबर दुकानाच्या डोक्यावर बसलाय! मी म्हणालो, पाटी उंचावर ठेवली तर? म्हणाले, आणि उचलणार कोण?
उद्यापासून गल्ल्यावर. बरेच झाले. शक्ती मुलीसाठी राखून ठेवता येईल.

११ मार्च २०२२
आठ किलो नऊशे. फिजिओ बाईंचा वार्षिक फोन. उचलता का? म्हणालो, तयारी पूर्ण आहे. त्यांनी वजन विचारले. मग म्हणाल्या, आता एकदम नऊ किलो जड जाईल, पण आज एकदा तरी उचला.
आज घरात पाहुणे होते.

३० मे
दोष पाळण्याच्या उंचीचा होता, हे आज लक्षात आले. मुलगी स्टुलावर उभी राहिली तर मला वाकावेच लागणार नाही. स्टूल आणले. ती त्यावर बसून जेवते.

१४ जानेवारी २०२३
नवी गादी. कडक. आता निमित्त उरले नाही. गादीला सरावायला महिना लागतो म्हणे.

६ ऑगस्ट
बायको कामावर. मुलगी फाटकाजवळ पडली, गुडघा फुटला. रडत माझ्याकडे बघून दोन्ही हात वर केले. मी म्हणालो, थांब, आणि स्टूल आणायला घरात गेलो. बाहेर आलो तेव्हा तिचा मामा, म्हणजे माझा मेव्हणा, तिला कडेवर घेऊन फिरवत होता. म्हणाला, भावोजी, बसा आता स्टुलावर.
उद्यापासून नक्की.

११ मार्च २०२४, संध्याकाळी ७.१०
तेरा किलो चारशे. आता ती एकटीच काट्यावर उभी राहते. वजाबाकीही लागत नाही.
फिजिओ बाईंचा फोन, शेवटचा. तीन वर्षांनी पेशंट कसे राहिले ते बघायचे असते. दुखतं का, हे विचारलेच नाही. म्हणाल्या, रोजनिशीतलं फक्त 'काय केले' तेवढं वाचा. वाचले. पटकन संपले.
मग त्यांनी विचारले, मुलगी हात वर करते का हो?
म्हणालो, करते की. मामा आला की करते.

खर्च: पट्टा ९००, काटा १,२५०, स्टूल ७००, गादी ९,५००. एकूण १२,३५०.
देणे: गादीचे ९,५००, मेव्हण्याला. गादी त्यानेच खांद्यावर टाकून जिना चढवली होती. दुसऱ्या हातावर मुलगी होती.