सातच्या नेटचा मारेकरी

३ नोव्हेंबर
आज परत तेच. सातला हॅम रेडिओचं नेट, म्हणजे आमची रोजची हवेवरची बैठक, सुरू केलं, हजेरीचा पहिला कॉलसाइन पुकारला, की कोणीतरी आपल्या सेटचं बटण दाबून बसलं. बोलत नाही, नुसतं दाबून ठेवतो. त्याखाली सगळ्यांचे आवाज खलास. पूर्वी हजेरी घेताना घसा सुकायचा, आता पाचजण उरलेत. चव्हाण म्हणाला, "मॅडम, बंद करूया. व्हॉट्सॲपवर ग्रुप काढू."
त्या जॅमरचा गळा दाबावासा वाटतो. खरंच.

५ नोव्हें.
रेडिओतले माझे गुरू, अण्णा, त्यांना फोन केला. जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. मला मोर्स, ती टिंब-रेघांची भाषा, त्यांनीच शिकवली, चुकले की बोटांवर पट्टी मारून. जॅमर शोधायला निघतेय म्हटलं. म्हणाले, "दाभोळच्या बाजूला बघ गो. आमच्या पुळ्याला काय नाय."
मेजर टेपच्या पट्ट्या कापून पीव्हीसी पाइपवर सिग्नलची दिशा दाखवणारी अँटेना केली. स्वयंपाक तसाच. हे म्हणाले, "सापडला तर काय करशील?"
फोडीन, म्हटलं.

८ नोव्हें.
आरे-वारेच्या चढावर सिग्नल वाढला. दाभोळ लांब, तिथून एवढा जोर येणार नाही. गणपतीपुळ्यात शिरले तर अँटेना जिकडे ओढत होती ती गल्ली ओळखीची. ते घरही.
अण्णा पडवीत. मायकचं बटण रबरबँडने बांधलेलं, हातात चहा.
"का?" मी विचारलं.
"तू सोडून मोर्स येतं तुमच्यातल्या एकाला तरी? मोबाइलवरच जाणार मेल्यांनो. मरायचंच आहे नेट, तर माझ्या हातनं मरूंदे."
मी सेट उचलला नि चिऱ्याच्या भिंतीवर आपटला. त्यांनी मनगट पिरगळलं. मी ढकललं. पायरीवर पडले. कपाळ फुटलं, डोळ्यात रक्त, तरी शिव्या चालूच. मीही दिल्या. त्यांची सून धावत आली तेव्हा कुठे थांबलो.

९ नोव्हें.
त्यांना टाके पडले. सुनेला मी सांगितलं, पाय घसरला. माझं मनगट टम्म सुजलंय. वाईट वाटायला हवं, पण हात अजून शिवशिवतोय. तक्रार केली तर लायसन जाईल त्यांचं. म्हाताऱ्याकडे दुसरं आहे काय? अजून कोणाजवळ बोलले नाही.

१२ नोव्हें.
त्या दिवसापासून नेट स्वच्छ. दोन जुने परतले. शाळेतल्या मुलींना लायसनच्या परीक्षेला बसवायचं ठरत होतं, आणि मध्येच अण्णा. जुन्या हातातल्या छोट्या सेटवरून, खरखरत. कॉलसाइन दिला, वर "गुड इव्हनिंग सर्वांना." जसं काही झालंच नाही!
हाक आली की नेट चालवणाऱ्याने उत्तर द्यायचं. मी बटण दाबलं. बोलले नाही. दाबूनच ठेवलं. त्यांनी पुन्हा हाक दिली असेल, बटण दाबलेलं असताना मला ऐकू येणं शक्यच नव्हतं. कोणालाच नव्हतं. अंगठा पांढरा पडला.
सोडलं तेव्हा चव्हाण ओरडत होता, "परत आला तो हरामखोर! उद्या मीच काढतो शोधून. मॅडम, ती अँटेना द्या तुमची."
देते म्हटलं.