मेश्रामबाईंनी टाइप केलेलं पुस्तक

३ जुलै १९६८
शिकाऊ ठाकूर काल पहिल्यांदाच एकटा उडाला. उतरताना धावपट्टी संपवून थेट गवतात. विमानाचं चाक वाकलं, त्याला खरचटलंही नाही. फ्लाइंग क्लबच्या चीफ इन्स्ट्रक्टरांनी त्याचं उडणं बंद केलं. मला विचारलं, "तुमच्या ट्रेनरवर हा शिकला काय?" म्हटलं, पुस्तकाप्रमाणे सगळं शिकवलं. चौदा वर्षं ट्रेनरच्या त्या लाकडी डब्यात मुलांना बसवतोय. आत विमानासारखे काटे, दांडा, पडदा ओढला की बाहेरचं काही दिसत नाही. जमीन मात्र सुटत नाही.

६ जुलै
सप्टेंबरात विमान खात्याचे इन्स्पेक्टर येणार. ट्रेनरच्या पुस्तकाची पानं सुटलीत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं आहे. चीफ म्हणाले, नवीन टाइप करून घ्या. ऑफिसच्या मेश्रामबाईंना दिलं. शहराच्या दुसऱ्या टोकाहून, इंदोऱ्याहून, इथे सोनेगावपर्यंत सायकलने येतात. कधी उशीर नाही.

९ जुलै
मेश्रामबाई पुस्तक घेऊन खाली.
"सर, यात डावीकडची लाल मूठ लिहिली आहे. मले दाखवता का?"
लाल मूठ नाहीच. सहा वर्षांपूर्वी क्लबात नवी विमानं आली, तेव्हा ट्रेनरचं पॅनेलही बदललं. पुस्तक तेच राहिलं. फरक मी तोंडी सांगतो.
"मग जे नाही, ते मी काहून टाइप करून राहिली?"
हसलो. म्हटलं, चला, डब्यात बसून बघू.

१५ जुलै
रोज जेवणाच्या सुट्टीत तपासणी. मी ओळ वाचतो, बाई डब्यात बसून मूठ फिरवतात, काटा बघतात, लिहितात. पदर खोचून. इंग्रजी शब्द अडला तर विचारतात, एकदाच. मेकॅनिक नंदनवार आधी कुरकुरला, "बाई, हे मशीन हाय, टाइपरायटर नाही." आज स्वतःच टॉर्च घेऊन आला.

१९ जुलै
सापडलं.
"उतरताना वेग ७५. पंच्याहत्तर काय, सर?"
"मैल."
"काट्यावर तर नॉट्स लिहिलं आहे."
७५ नॉट म्हणजे ८६ मैल. तेवढ्या वेगात विमान टेकत नाही, तरंगत पुढे जातं. मला हे ठाऊक होतं. नव्या पॅनेलवरच्या पहिल्या बॅचेसना बजावून सांगायचो, काट्यावर ६५ धरा. नंतर कधी सुटलं, कळलंच नाही.

२० जुलै
ठाकूरला गाठलं. "सर, सोबत इन्स्ट्रक्टर असले की ते म्हणायचे, कमी कर, कमी कर. एकटा होतो तर पुस्तकातलं धरलं."
रागही नाही त्याच्या आवाजात. तेच जास्त लागलं.

२२ जुलै
चीफना सांगितलं. "पुस्तक मंजूर आहे. एक अक्षर बदललं तर ट्रेनरवर नोंदलेले सगळ्यांचे तास रद्द होतील. जसंच्या तसं टाइप करा."
बाईंना निरोप दिला. "ठीक आहे सर." एवढंच.

१ ऑगस्ट
पुस्तक झालं. डाव्या पानावर जुनं, जसंच्या तसं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. उजव्या पानावर समोरासमोर: आज मशीन काय करतं, कोणत्या तारखेला पाहिलं. खाली रेघ, तपासणाऱ्याची सही.
"माझ्या सहीले कोण विचारते सर? तुमची लागेल."
चीफचा हुकूमही पाळला आणि खरंही लिहिलं. चौदा वर्षांत मला हे सुचलं नाही.

४ ऑगस्ट
सही केली नाही अजून. सही म्हणजे चूक कबूल. बायकोला सांगितलं. म्हणाली, "नोकरीचं मी मागून भिईन. त्या पोराचं आधी पाहा."

५ ऑगस्ट
उजव्या सगळ्या पानांवर सह्या केल्या. वेगाच्या ओळीखाली हाताने लिहिलं: ठाकूर यांस हे सांगितले नव्हते. नंदनवार शेजारी उभा. "डबा हलवणारे हवेचे भाते मी पाहतो, माझीबी सही घ्या." बाईंनी चष्मा पुसला. बराच वेळ.

११ सप्टेंबर
इन्स्पेक्टर आले. स्वतः डब्यात बसले. डाव्या पानाच्या वेगाने उतरले, ट्रेनरला जोडलेल्या टेबलावरच्या नकाशावर त्यांच्या वाटेची रेघ धावपट्टीच्या पुढे गेली. उजव्या पानाच्या वेगाने आतच थांबली. "किसने बनाया ये?" मी बाईंचं नाव सांगितलं. त्यांना वरच्या ऑफिसातून बोलावलं. त्या आल्या तसे इन्स्पेक्टर उठून उभे राहिले.
"आप उड़ती हैं?"
"नहीं सर, टाइप करती हूँ."
पुस्तक दिल्लीला घेऊन गेले. मंजूर होईल की नाही, बोलले नाहीत.

३० सप्टेंबर
दिल्लीहून पत्र नाही. ठाकूर अजून जमिनीवरच. चीफनी माझं लेखी स्पष्टीकरण मागितलं होतं, दिलं. पुढे काय, त्यांनाही ठाऊक नसावं.
नंदनवारने सकाळी उंचीचा नवा काटा बसवला. दुपारी बाई कार्बन कॉपी घेऊन हजर. "नवीन काटा लागला म्हणे? वाचा सर, मी बसते." ठाकूर बाकावरून उठला, म्हणाला, आज मी वाचतो. मी त्याला जागा दिली. पहिलीच ओळ नव्या काट्याशी जुळेना. बाई आतून ओरडल्या, "थांबा, परत एकदा."