मला हवा होता तो हलका फोन

सावली, बुधवार

संताप आवरत नाही. आशाताईंसाठी लसीकरणाच्या नोंदींचे ॲप मी तयार केले. ते तपासायला त्यांच्याकडे असतो तसाच स्वस्त, अडखळणारा फोन हवा होता. तसे दुकानदाराला सांगितले, तर तो सोबत आलेल्या दादाकडे पाहून म्हणाला, "भाऊ, ताईले रडका फोन काऊन पायजे?"

दादा हसला. "तिले काय समजते? चांगला दे."

आणि वर्गात पहिली येणारी मी गप्प!

नव्या फोनवर ॲप झरझर चालले. त्यातून काय कळले? काहीच नाही. सोमवारी ॲप आशाताईंना द्यायचे आहे; त्यांच्या फोनवर ते बंद पडले, तर चूक माझीच ठरेल. मी का गप्प राहिले?

उद्या हा फोन दादाच्या हातात ठेवून त्याचा जुना फोन घेणार आहे. विचारणार नाही.