पाटीवरचा त

१२ मार्च

चि. नातीस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

गुडघे आहेत तिथेच आहेत, दुखायचं काम इमानाने करतात. तू वनखात्याच्या कचेरीत बसून आमच्या जुन्या रानात वाट काढलीस, फाटक लावलंस. आता रविवारी माणसांची रीघ लागते. हरणं बघायला येतात आणि एकमेकांचे फोटो काढून जातात. हरणं शहाणी, ओढ्यापलीकडे गेली.

तुझी पाटी वाचली. दोन यत्ता शिकले, पण एक अक्षर सोडलं नाही. ‘आत कुत्री सोडू नये.’ मी फाटकवाल्याला म्हटलं, आमचा डांबऱ्या तर कुत्रा आहे, उचलून दाखवू का? म्हातारा खोकला येईपर्यंत हसला आणि दांडा वर केला. आता रोज तोच विनोद होतो आणि रोज आम्ही आत जातो.

पोकळ झाडाजवळ रातवा पाखरांची जोडी बसलीय. घरटं नाही, काडी नाही, पाचोळ्यावरच दोन अंडी. तुझ्या आईसारखंच, आयत्या जागी संसार.

माया असू दे. धाक तुला कधी नव्हताच.

तुझी आजी

३ एप्रिल

ती. आजीस सा. न. वि. वि.

बातमी वाईट आहे. मंगळवारी आमची माणसं पाहणीला गेली, तर रातव्याची अंडी फुटलेली, मादीची पिसं पाचोळ्यात आणि ओल्या मातीत कुत्र्याचे पंजे. आठ वर्षांपूर्वी त्या रानात अकरा जोड्या मोजल्या होत्या. ही शेवटची होती.

सगळं फाटकवाल्यावर आलंय. कुत्रं आत गेलंच नाही, असं तो म्हणतो. साहेब म्हणतात, खोटं बोलतो. पंधरा तारखेला त्याला काढणार. नोकरीबरोबर फाटकाजवळची खोलीही जाईल, आणि त्याला दुसरं घर नाही.

पाटीवर ‘नयेत’ हवं होतं. रंगाऱ्याने त गाळला, मी तपासला नाही. तुझ्या मागच्या पत्राबद्दल इथे कुणाला बोलले नाही. त्या दिवसांत कुणा पाहुण्याचं कुत्रं तुला दिसलं असेल, तर तसं लिहून पाठव.

आशीर्वाद असू दे, या वेळी जास्तच.

तुझी नात

८ एप्रिल

चि. नातीस आशीर्वाद. वि. वि.

पाहुण्याचं कुत्रं दिसलं नाही. तू हे विचारायला नको होतंस, आणि मी सांगायला इतके दिवस लावायला नको होते. फिट्टंफाट.

डांबऱ्या झुडपात शिरला. हाका मारल्या, आला नाही. आला तेव्हा तोंडाला पिसं. मी हाताने पुसली, घरी आले आणि जेवलेसुद्धा. फाटकवाल्याने बाहेर पडताना त्याचं तोंड बघितलं. त्या दिवशी विनोद केला नाही.

काल त्याला झापलं, खरं का सांगत नाहीस म्हणून. म्हणतो, तुमचं फिरणं बंद होईल, मला खोली काय कुठेही मिळेल. खोटारडा. त्याला कोण देणार?

सोबतचा कागद साहेबांना दे. कुत्रा माझा, मीच सोडला, फाटकवाल्याला फसवलं, असं लिहिलंय. शेवटचं खरं नाही, पण राहू दे, एका चेष्टेला एक अपराधी पुरे. तू माझी नात आहेस, तेही लिहिलंय. दुसऱ्याने काढण्याआधी आपणच काढलेलं बरं. कागद दाबलास तर कचेरीत येऊन चारचौघांत बोलेन.

रागावलीस तरी पत्र टाकत जा.

तुझी आजी

१९ एप्रिल

ती. आजीस सा. न. वि. वि.

कागद दिला. फाटकवाल्याला ताकीद मिळाली. नोकरी आणि खोली राहिली. वाट तीन वर्षं बंद. बंद वाटेलाही राखणदार लागतो. तुला मात्र कायमची मनाई आहे. त्या आदेशावर दुसऱ्याची सही घेऊ का, असं साहेबांनी विचारलं. मी नको म्हटलं.

परवा संध्याकाळी स्वतः मोजणीला गेले. एकटा नर साद घालत होता. तुझ्या अंगणातून ऐकू येतो का, कळव. वहीत नोंद करायची आहे.

लोभ आटू देऊ नकोस.

तुझी नात

२६ एप्रिल

चि. नातीस आशीर्वाद. वि. वि.

मनाईचा कागद फाटकवाल्यानेच आणून दिला. मान वर करेना. मीच म्हटलं, नोकरी आहे, कर.

डांबऱ्या बांधलेला असतो. दिवेलागणीला मी अंगणात बसते. बुधवारपर्यंत ऐकू येत होता. गुरुवारपासून नाही. तसं लिही.

तुझी आजी