मागच्या दाराचे पाहुणे

निजामपुरा, भिवंडी
१८ नोव्हेंबर १९९४

प्रिय अवधूतदादा,

तुझं पत्र पोचलं. वहिनीची नोकरी सुरू होतेय, बाळाला सांभाळायला माणूस हवं, आई तिकडे तशी रिकामीच असते, तेव्हा तिला कायमची पुण्याला पाठव, असं लिहितोस. वा रे वा! रिकामी? दोन दिवस मी नुसती धुसफुसत होते.

तुझा तो सर्व्हे आठवतो? सत्त्याऐंशी साल. एम. ए. होऊन फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आलास आणि मला सोबत घेऊन गल्लोगल्ली हिंडलास. चालता चालता समजावायचास, इथलं कापड बाहेर जातं, बाहेरचा पैसा इथे येतो, तो गावाचा पाया. त्या पैशावर चहावाला जगतो, न्हावी जगतो, रिक्षावाला जगतो. लूमवर एक माणूस लागला की गावात आणखी किती जणांना काम मिळतं, तो आकडा तुला काढायचा होता. गुणक म्हणायचास त्याला. मला तेव्हा तू केवढा हुशार वाटायचास!

शेवटी आपल्या घराचा फॉर्म भरलास. आईच्या नावापुढे लिहिलंस, गृहिणी, उत्पन्न नाही. मागच्या पडवीत तेव्हा लूमवाल्यांची पंगत बसलेली. मी म्हटलं, दादा, हे काय? तर म्हणालास, ते पाहुणे आहेत.

घरची रीतच होती म्हणा. अण्णा कोर्टात कारकून. कारकुनाची बायको लूमवाल्यांची खाणावळ चालवते हे चारचौघांत कसं सांगायचं? म्हणून खाणावळ हा शब्दच आपल्या घरात नव्हता. पाहुणे म्हणायचं. ते मागच्या दाराने यायचे, महिन्याला पैसे द्यायचे, आणि त्यातून तुझी फी जायची. गल्लीतल्या निम्म्या घरांत असेच पाहुणे होते. तिथे तू चहा प्यायलास आणि तिथेही गृहिणीच लिहिलंस. मग गुणक येणार किती, डोंबल! लूमच्या एका कामगारामागे अर्धा माणूस, असं छापलंस. त्या रिपोर्टवर तुला नोकरी लागली. आईने तो देवापुढे ठेवला होता. तिला इंग्रजी वाचता येत नाही, हे तुझं नशीब.

आता अण्णा नाहीत, लाजायला कुणी उरलं नाही, आणि खाणावळ चांगली वाढलीय. भाकऱ्या थापायला ठकुबाई आहे, नवऱ्याने टाकलेली, पदरात दोन मुली. भांड्यांना द्रौपदी. सोमा पडघ्याहून भाजी आणतो, ती बहुतेक सगळी आपल्याकडेच उतरते. तुझ्याच भाषेत सांगते, ह्या सगळ्यांचा पाया आई आहे. तो तू उचलून पुण्याच्या फ्लॅटमध्ये नेणार, मग ह्यांनी काय करायचं? मी चालवीन म्हणावं, तर शाळेतली नोकरी सोडून मला ते जमणार नाही, आणि आईशिवाय इथे कुणी जेवायला येणारही नाही. तुझा राग येतो, दादा. खरंच येतो. इतकं शिकलास आणि आपल्याच घरातलं काम तुला दिसलं नाही.

आई हो म्हणाली. नातवाचं नाव काढल्यावर ती कसली नाही म्हणतेय! पण खाणावळ बंद होणार हे ठकुबाईला सांगायचा तिला धीर होत नाही. ठकुबाई समोर आली की आई भाजीचं काहीतरी बोलत बसते. काल ठकुबाई मलाच म्हणाली, ताई, धाकटीला औंदा शालंत घातली, आईंचा आधार हाय म्हनून, न्हायतर माझी काय हिंमत न्हवती.

म्हणून हे पत्र. मी आईला एकटीला गाडीत बसवून देणार नाही. न्यायला तू स्वतः ये, आणि सकाळी ये, ठकुबाई परातीपुढे असते तेव्हा. उद्यापासून काम नाही, हे तिला तुझ्या तोंडाने सांग. तू आलास म्हटल्यावर ती आधी तुला गरम भाकरी वाढेल. ती खा, आणि मग सांग.

तुझीच, रागावलेली,
सुमती