जायला जवळ, यायला लांब

तीर्थरूप बसम्माअक्काच्या पायी धाकट्या पंचाक्षरीचा शरणार्थ.

इकडं उदगीरला सगळे खुशाल. माझे गुडघे दुखून राहिलेत, पण ते तू होतीस तेव्हाही दुखतच होते. तुझी शुगर कशी हाय? नातू धरून उभा राहतो का? संगमेशला म्हणावं, आईला अमेरिकेला नेलंस म्हणून मामा रागावलेला न्हाई. (थोडा हाय.)

पत्राचं कारण असं, की फोनवर तू 'लई लांब पडतंय रे' म्हणालीस अन् मला ते पटलंच न्हाई. तुला हैदराबादला विमानात बसवायला आलो तेव्हा तिकीट मी स्वतः वाचलं होतं. पहाटे चारला निघणार, त्याच तारखेला दुपारी एकला सिएटल. म्हणजे नऊ तास. इथून पुण्याला ट्रॅव्हल्सनं तेवढेच लागतात, अन् वाटेत ढाब्यावर थांबतात ते वेगळंच. (विमानात जेवण जागेवर येतं, तोही वेळ वाचला.) मी मोंढ्याच्या सगळ्या बाजारात सांगून ठेवलं, आमची अक्का पुण्याएवढ्यावरच हाय. वर्षभर याच समजुतीवर काढलं अन् बरं गेलं. राग तेवढा यायचा तुझा. पुण्याची आपली मधली सिंधु दर येळवशीच्या अवसेला शेतावर जेवायला हजर, अन् थोरलीला तेवढंच अंतर जड होतंय, असं वाटायचं.

मग नात साक्षी सुट्टीला आली (विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करती) अन् तिनं माझा हिशोब मोडला. म्हणाली, आज्जा, तिकिटावर दोन्ही गावांची घड्याळं वेगळी असतात, प्रवास बावीस तासांच्या वर हाय. मी म्हणलं, मग मधले तास गेले कुठं? तर म्हणे, येताना वसूल करतात. फोनवर परतीचं विमान काढून दाखवलं. सोमवारी बसलं तर बुधवारी उतरायचं. अमेरिका जायला जवळ अन् यायला लांब हाय, हे आधी कळलं असतं तर मी तुला हैदराबादच्या वाटेवर बिदरलाच उतरवून घेतलं असतं.

त्या दिवशी मोंढ्यातल्या आपल्या दुकानात दुसरं घड्याळ लावलं, तुझ्या गावच्या वेळेचं. तू निजलीस का चहा घेतीस ते कळावं म्हणून. पण फरक साडेतेरा तासांचा, त्यामुळं त्याचे काटे नुसते दीड तास मागं दिसतात. देगलूरचे किशनराव त्याच्याकडं बघून निवांत गप्पा मारत बसले अन् त्यांची शेवटची एस्टी गेली. दोनदा. दोन्ही वेळा मुक्काम आमच्याकडं. तुझ्या भावजयीनं, कमलम्मानं, भाकरी थापता थापता घड्याळाचा अन् माझा एकदमच उद्धार केला.

यंदाच्या येळवशीला ये, असं मी म्हणत न्हाई. लेकरू लहान हाय. गेल्या साली आंबिलाचं मडकं कमलम्मानं डोक्यावर घेतलं, शेत येईपर्यंत निम्मं सांडलं. मी मागून चालत होतो. लहानपणापासून त्या वाटेवर तू पुढं अन् मी मागं. त्या दिवशी पुढं बघवेना. कडब्याच्या कोपीत बसलो, पण येळवशीची भज्जी ताटात तशीच राहिली. अक्का, तुझी लई आठवण येती.

तुझा,
पंचाक्षरी

ता. क. 'ये म्हणत न्हाई' हे कमलम्मा शेजारी बसली होती म्हणून लिहिलं. ती म्हणती, अक्काला गळ घालू नका. आता ती आत गेली. ये.

ता. क. दुसरा. ती म्हणती, घड्याळ उतरवा, न्हाईतर किशनराव बिऱ्हाड घेऊनच येतील. मी सांगितलं, विमानतळावर अक्का 'जाते' म्हणाली न्हाई, 'येते' म्हणाली. ती आली की उतरवतो. तोवर किशनरावांची एस्टी चुकली तर चुकू दे.